लव्हाळ्यावर रताळी

आमच्या गिरीजच्या घरामागे, केळीच्या वाडीला लागून, एक लहानसा तुकडा आहे. वाडी सगळी सासऱ्यांची. हा तुकडा त्यांनी मला भाजी लावायला दिला. मी देशावरची. अंबाडीशिवाय माझं जेवण होत नाही, आणि इथल्या बाजारात अंबाडी मिळाली तर मिळाली. त्यामुळे त्या तुकड्यावर माझा भारी जीव.

मध्यंतरी तिथे लव्हाळा शिरला. भरावाच्या मातीतून आला असणार. दिसतो गवतासारखा, पण उपटला की पातं हातात आणि गाठ जमिनीत. माझी वाकलेली पाठ सासऱ्यांना बघवेना. त्यांनी शेजाऱ्यांचा पॉवर टिलर आणला आणि उभा-आडवा फिरवून जमीन भुसभुशीत करून दिली. "घे सूनबाई, आता पेर." थोड्याच दिवसांत तुकडा हिरवागार, पण लव्हाळ्याने. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत दोऱ्यात ओवल्यासारख्या असतात. एक फुटते आणि बाकीच्यांना झोपवून ठेवते. दोरा तुटला की झोपलेल्याही जाग्या होतात. टिलरने सगळे दोरे तोडले होते. हे मी मागाहून वाचलं. तेव्हा नुसतीच चिडले होते.

सासरे माझ्याहून जास्त चिडले. स्वतःवरच, पण तसं कबूल करतील तर ते सासरे कसले. म्हणाले, "लव्हाळ्याचीच भाजी कर आता. दिवाळीनंतर पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होऊ." नवऱ्याला गाडी लावायला जागा हवीच होती. जेवताना दोघं ब्लॉकचा रंग ठरवायला लागले. मी ताट ठेवून पहार शोधायला उठले.

लव्हाळ्याला उन्हाची हाव, सावली सोसत नाही. पहारीने माती उचलून मी सापडतील तेवढ्या गाठी काढल्या आणि कडकडीत उन्हात टाकल्या. खताच्या खड्ड्यात नाही. तिथेही फुटतात मेल्या. सासूबाईंनी गासहून, त्यांच्या माहेरून, रताळ्याचे वेल आणले. पाऊस लागल्यावर आम्ही दोघींनी ते दाट लावले. वेल एकमेकांना भिडेपर्यंत मी रोज चहाआधी खाली बसून नवा फुटवा खुडायचे. गाठीला पानातून अन्न पोचू द्यायचं नाही, बस. श्रावणात जमीन दिसेनाशी झाली. वेलाखालचा लव्हाळा पिवळा, केसासारखा बारीक. संपला नाही हो, तो संपत नसतो. पण दबला.

सासरे येता-जाता वेल वर करून बघायचे.

दिवाळी झाली आणि वालीवहून ब्लॉकवाला टेप घेऊन हजर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तव्यावरची पोळी करपली तरी मला भान नाही. नवरा त्याला थेट मागे घेऊन गेला. तिथे सासरे उकिडवे बसून हातांनी रताळी उकरत होते.

"पाय काढ रे, वेल तुडवतोस," ते नवऱ्याला म्हणाले. मग ब्लॉकवाल्याकडे वळून, "ही जागा सुनेची आहे. माप घ्यायचं तर तिला विचारा."

माझे डोळे भरून आले. त्या भल्या माणसाने खरंच खिडकीकडे बघून विचारलं, "ताई, माप घेऊ का?"

"चहा घ्या," मी म्हटलं, "आणि जा."