खर्ज नांदगावचा

नाशिकहून फिरायला जायचं म्हटलं की लोक त्र्यंबकला जातात, भंडारदऱ्याला जातात, फार तर सापुताऱ्याला. नांदगावला मुद्दाम कोणी जात नाही. मी गेले, आणि तेही पियानोच्या तारा आणायला. घरच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता हिचं काही खरं नाही.

आमच्या संगीत विद्यालयात सहा पियानो आहेत आणि सहाही वयानं माझ्याहून मोठे. कुठला देवळालीच्या बंगल्यातून आलेला, कुठला मिशनच्या शाळेतून, कुठला कोणी परदेशी निघालं म्हणून आमच्या दारात उतरवलेला. शिकवण्याबरोबर त्यांची सगळी उस्तवार माझ्याकडे असते. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून खाली पाण्याचे माठ ठेवायचे, पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून आत बारीक दिवा लावायचा, आणि उंदरांशी बारमाही वैर. एवढी बडदास्त मी सासरच्या पाहुण्यांचीही ठेवलेली नाही. मुंबईहून येणारे परीक्षक "हे सांभाळतं कोण?" असं विचारतात, तेव्हा मी कपाट आवरत असल्याचं दाखवते, पण कान तिकडेच असतात.

त्यातला सगळ्यात मोठा, देवळालीचा, मागच्या पावसाळ्यात गळक्या छताखाली सापडला. खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या जाड सुरांच्या तारा गंजून गेल्या. नव्या परदेशातून मागवायच्या तर कधी येतील याचा नेम नव्हता. आमच्या अध्यक्षांना इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचं भारी कौतुक, आणि मुंबईचा एक दलाल तो पियानो हॉटेलात शोभेला ठेवायला मागत होता. वार्षिक कार्यक्रमात वाजला तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. ज्यावर मी मुलांच्या तीन पिढ्या शिकवल्या, त्याच्यावर हॉटेलवाले फुलदाणी ठेवणार होते! मला रात्र रात्र झोप येईना.

अशात माझी एक जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन नांदगावला गेलेली, तिचा फोन आला. तिथल्या जुन्या क्लबच्या हॉलमध्ये त्याच कंपनीचा, त्याच मापाचा पियानो पडून होता आणि हॉलच्या समितीला जागा मोकळी हवी होती. सबंध पियानोच घेऊन जा म्हणाले; मला हव्या होत्या त्याच्या खर्जाच्या तारा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळीच सॅम्युएल सरांच्या ओम्नीतून निघालो. सर शरणपूर रोडला राहतात आणि आमचे पियानो तेच सुरात लावतात. त्यांना स्वतःच्या कानांचा फार गर्व आहे, आणि तो खरा असल्यामुळे जास्तच त्रास होतो. आग्रा रोडला तेव्हा चौपदरीकरणाचं काम चालू होतं. ओझरपर्यंत धूळ खाल्ली, पिंपळगावला टोमॅटोच्या ट्रॅक्टरांच्या मागे रांगेत उभे राहिलो. चांदवडला चहा घेऊन मनमाडकडे वळलो. रस्ता पुढे बरा आहे, पण खड्डे अचानक येतात, तेव्हा घाई करू नका. मनमाडच्या अलीकडे हडबीची शेंडी दिसते, अंगठा वर केल्यासारखा सुळका. सर म्हणाले, शुभशकुन. मनमाडला स्टेशनबाहेर शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. दोघांचं पोट शंभराच्या आत भरलं, आणि तिखटानं सर पुढे नांदगावपर्यंत गप्प होते.

हॉलमध्ये पियानो एका कोपऱ्यात सतरंज्यांच्या ढिगाखाली होता. सरांनी झाकण उघडलं, खालच्या पट्ट्या दाबल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. खर्ज शाबूत होता. वरचा भाग मुका. पण मधलं एक सप्तक चक्क सुरात! इतक्या वर्षांच्या पडीक पियानोत एवढाच तुकडा कोण सांभाळतं, हे आम्हाला कळेना.

उत्तर दुपारी चालत आलं. गुरुवारचं भजन म्हणून दहाबारा बायका आल्या. पुढे सुमनताई, बाजारात फुलं विकणाऱ्या, भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ल्यापासून त्या पियानोवर सूर धरून गात होत्या. मनमाडचा पेटी दुरुस्त करणारा अधूनमधून येऊन तेवढाच भाग लावून जायचा. समितीनं पियानो देताना त्यांना विचारलंही नव्हतं.

"न्यायचा म्हंजे?" सुमनताई झाकणावर हात ठेवून म्हणाल्या. "काळी पाच हाय ती आमची. ती गेली तर आम्ही कशावर गायचं?"

काळी पाच ही बायकांच्या गळ्याला सोयीची पट्टी. समितीची परवानगी माझ्याकडे होती, टेम्पोही सांगून ठेवला होता. पण त्या पियानोपाशी उभ्या होत्या आणि मला आमचा हॉल दिसायला लागला. कोणी असाच येऊन आमचा पियानो उचलला असता तर मी त्याला जाऊ दिलं असतं का? मी त्यांना सगळं सांगितलं, दलाल, अध्यक्ष, फुलदाणी, सगळं.

सुमनताईंनी नेमकं काय हवं ते विचारलं. सरांनी खर्ज वाजवून दाखवला.

"तेवढंच? तिथवर आमच्यातल्या कुणाचा गळा उतरत नाय," त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या. "न्या. पन देत नाय हां, वापराया देतो. तारा आमच्याच."

बदल्यात सरांनी मधली दोन सप्तकं नीट लावून द्यायचं ठरलं, आणि पियानो कोपऱ्यातच राहू द्यायला समितीही कबूल झाली. वापरायला काय, देणगी काय, मला तेव्हा ते बोलणं उगाच वाटलं. तारा मिळताहेत ना, मग झालं.

मग काम सुरू झालं. जुनी तार खुंटीवरून काढताना एकदम सैल केली की तुटते, म्हणून सर सगळ्या तारा थोड्या थोड्या उतरवत होते. बाजूला भजन चालू होतं. सगळ्यात खालची तार शेवटी तुटलीच, आणि सर जुन्या खुंटीला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. बाकीच्या धड निघाल्या. संध्याकाळी सुमनताईंनी नव्यानं लावलेल्या पट्टीवर एक गौळण म्हटली. सरांनी कौतुक केलं नाही, पण किल्ली खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकली. परतीला तारांची वेटोळी जुन्या चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसले.

वार्षिक कार्यक्रमात देवळालीचा पियानो वाजला. सगळ्यात खालची एक पट्टी अजून मुकी आहे, पण बाकी खर्ज असा घुमला की मागच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. पुढच्या रांगेत, एसटीनं आलेल्या सुमनताई आणि त्यांचं मंडळ. आणि त्यांच्या शेजारी, पाहुणा म्हणून बोलावलेला, तो दलाल. त्यानं किंमत वाढवली होती. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष मला हळूच म्हणाले, आता वाजतोय तर चांगला भाव येतोय, विचार करायला हरकत नाही.

जवळच उभ्या असलेल्या सुमनताईंनी ते ऐकलं.

"विका की, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "फकस्त आमच्या तारा आधी काढून द्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, खरं आहे, तारा नांदगावच्या आहेत, आपल्याकडे वापरायला आहेत. हे ऐकत असलेल्या दलालानं खर्जाशिवायच्या पियानोचा मनातल्या मनात हिशेब केला आणि चहा न घेताच गेला.

तेव्हापासून दर जानेवारीत सर आणि मी नांदगावला जातो, त्यांचे मधले सूर लावतो, शेवभाजी खातो. आमचे सहा पियानो आहेत, सहाही वाजतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा विकण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे मी प्रत्येक परीक्षकाला आता कपाट न आवरता सांगते.