मंचरपर्यंत टेकलेलं बोट

मोटार किती तापली, हे आळेफाट्याचे वाइंडिंगवाले नाना अंशांत सांगत नसत. गावांच्या नावांत सांगत. मोटारीवर तर्जनी टेकवायची आणि पुण्याच्या एसटीचे थांबे म्हणत जायचं: आळेफाटा, पिंपळवंडी, नारायणगाव, कळंब, मंचर, पेठ, खेड. चालही दुपारच्या पेंगुळलेल्या कंडक्टरची. ज्या गावाला बोटाला सहन होईना, तिथे मोटार उतरली. मंचर गाठलं तर ठीक, खेड गाठलं तर उत्तम. नारायणगावलाच हात झटकावा लागला, तर नाना मान हलवून म्हणत, "हिला आता पळवू नका."

मी चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस. घर निरगुडसरला, आणि आठवड्याची सुट्टी एवढीच काय ती करमणूक. त्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जण आळेफाट्याजवळच्या एका पडीक रानात रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावायचो. हातभर लांबीची गाडी, अंगठ्याएवढी मोटार. चाळिशी उलटल्यावर हे कसले चाळे, असं घरी रोज ऐकायचो आणि तेही खरंच होतं. माझी गाडी तिसऱ्या फेरीला तापून बंद पडायची. विहिरींवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या नानांच्या टेबलावर ती चिमुकली मोटार ठेवताना मला शरम वाटली होती. नाना हसले नाहीत. ही पाणी किती उपसते, एवढंच त्यांनी विचारलं. पाणी उपसत नाही म्हटल्यावर म्हणाले, मग तापते कशाला?

मी दोन छोटे पंखे आणि ॲल्युमिनियमचं खाचांचं जाकीट विकत घेऊनच गेलो होतो. नानांनी ते बाजूला सरकवलं. "पंखा मागनं. आधी वझं कमी करा." त्यांनी मोटारीच्या दांड्यावरचं दातेरी चाक काढून कमी दातांचं बसवलं. गाडी जराशी मंदावली, पण शर्यत पुरी करू लागली. आमच्यातल्या वेगवान गाड्या मात्र धूर सोडून रानात उभ्या. मग त्यांनी वरच्या टपाला मागून खिडकी कापली. हवा पुढून आत घेतली, पण जायला वाट कुठे ठेवली, असं त्यांचं म्हणणं. पंखा बसला तो सगळ्यात शेवटी. त्या वर्षी मी डबल शिफ्ट करत होतो. वझं कमी करण्याचा सल्ला मला फार पटला. माझा कोणता दात काढायचा, ते मात्र सुचलं नाही.

शर्यत संपली की आम्ही लगेच बटण बंद करायचो. रानात शर्यत बघायला येऊ लागलेल्या नानांना ते बघवेना. तरुणपणी त्यांच्या दावणीला शर्यतीच्या गाड्याचे बैल होते. घाटाच्या धावेवर पळून आलेला बैल कुणी लगेच बसवतं का, असं त्यांनी आम्हाला दरडावून विचारलं. तेव्हापासून शेवटच्या फेरीनंतर दोन मिनिटं गाडी हळूहळू फिरवायची, पंखा चालू ठेवायचा, ही रीत पडली. चाळिशीचे सहा घोडे आपापल्या गाड्या बैलासारख्या फिरवतायत, हे पाहायला हायवेवरचे ट्रकवाले थांबत. आम्हाला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

मग उन्हाळ्यातला तो रविवार आला. उपांत्य फेरीची शर्यत पळून माझी गाडी आली. नाना वाकले, बोट टेकवलं आणि थांबे म्हणू लागले. मंचर आलं, पेठ आलं, खेड आलं. मी खूश. नाना थांबले नाहीत. चाकण म्हणाले, भोसरी म्हणाले. तेवढ्यात जळका वास आला. मोटारीचा येतोय म्हणून मी खाली पाहिलं. मोटारीचाच होता, पण नुसता मोटारीचा नव्हता. मी त्यांचा हात ओढून काढला. तर्जनीच्या टोकाला पांढरा फोड आला होता आणि नाना तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत होते.

साखरेच्या आजाराने नानांच्या बोटांची जाण गेली होती. वर्षभरापूर्वीच गेली होती, आणि हा माणूस वर्षभर कुणाला न सांगता नजरेने अंदाज मारून थांबे म्हणत होता. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. शेजारी उभा राहून मी खेडपर्यंत खुशाल मोजत होतो. त्यांनी ती जळकी मोटार मागून घेतली. "ही माझ्या बोटाखाली जळली. मीच भरणार." केसाएवढी तार, आणि ती धरलीय हेही न कळणारी बोटं. दोन महिने लागले. विहिरींची कामं तोवर दुसरीकडे जाऊ लागली होती.

दुकान बंद करून ते संगमनेरला मुलीकडे निघाले, त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मोटार भरून तयार होती. दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी पळवली, रीतीप्रमाणे फिरवली. नानांनी स्वतःचा हात पाठीमागे ठेवला आणि मला म्हणाले, "तुमचं बोट लावा. म्हना."

मी म्हणू लागलो. नारायणगावला चटका बसला. कळंबला डोळ्यांत पाणी आलं. दात आवळून मी मंचर म्हणालो आणि मगच बोट उचललं. नाना गाडीकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी माझं बोट उजेडाकडे वळवलं, लाल झालेलं टोक पाहिलं आणि माठातल्या पाण्याची धार त्यावर धरली.

"कळंबलाच उतरायचं व्हतं तुमाला."

मी बोट मुठीत लपवलं.

"बोट जितं हाय तुमचं. माझ्यासाठी जाळू नका," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अजून येक दात कमी करा. जाईल ती मंचरला."

दुपारच्या एसटीने ते गेले. पुढच्या रविवारी मी दात कमी केला, गाडी पळवली, फिरवली आणि बोट टेकवून थांबे म्हणू लागलो. मंचर गेलं, पेठ गेलं, खेड आलं. मोटार कोमट होती. उतरा म्हणायला शेजारी नाना नव्हते, आणि बोट काही केल्या उचलवेना.