हातमोजे काढून केलेली जचकी

आमच्या दवाखान्यात रबरी हातमोज्यांच्या दोनच जोड्या होत्या. तेव्हा आमचा भाग हैदराबाद राज्यात होता. दवाखाना जिंतूरच्या अलीकडे, सडकेवरच्या एका खेड्यात, नुकताच उघडलेला. डॉक्टर एक, कंपाउंडर एक आणि जचकीला मी नर्स. वापरलेले मोजे धुऊन उकळायचे, दोरीवर वाळवायचे आणि हवा भरून पाण्यात धरायचे. बुडबुडा आला की सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावायचं. डॉक्टर म्हणायचे, "बाई, हे मोजे जेवढे रोग्यासाठी तेवढेच तुमच्यासाठी. रक्तातून काय येतं ते डोळ्यांना दिसत नाही." मी मान हलवायची.

मी स्वतःला फार सुधारलेली समजत असे. माहेरी जचकीचा विटाळ दहा दिवस पाळायचे. मी मात्र कुणाचीही जचकी करून घरी यायची, अंघोळ करून चुलीपुढे बसायची. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. ते चारचौघांत माझं कौतुक सांगायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

एका दुपारी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पहिलटकरीण आली. त्याच सकाळी इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना माझं बोट चिरलं होतं, म्हणून मी आठवणीनं मोजे चढवले. तिची सासू माझ्या हातांकडे बघत राहिली.

"आमाला शिवायचा इटाळ व्हतो का वो बाई? हे कामून घातलं हाय?"

"रोगराईसाठी असतात, आजी."

"मागल्या हप्त्यात पाटलाच्या सुनंला तर उघड्या हातानं सोडवलं की तुमी."

खरं होतं ते. त्या दिवशी दोन्ही जोड्या दोरीवर ओल्या होत्या. एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी, आणि विटाळ पाळणारी? मी मोजे काढून ट्रेमध्ये टाकले आणि तशीच कामाला लागले. बोटाची चीर झोंबली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मुलगी झाली. म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "लय गुनाची हाय बाई," ती म्हणाली. मी संध्याकाळभर खुशीत होते.

महिनाभरानं त्याच बोटावर फोड आला, फुटला, आणि कडेनं टणक झाला. काखेत गाठ आली. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"दुखलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. त्यांनी त्या बाळंतिणीलाही बोलावून घेतलं आणि दोघींचं रक्त तपासायला हैदराबादला पाठवलं. दोघींनाही गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली; या रोगाचा पहिला फोड दुखत नाही. तिला ती नवऱ्याकडून आलेली, मला तिच्या रक्तातून. तिला तर रोगाचं नावही ठाऊक नव्हतं. माझा तिच्यावर राग नव्हता. तेव्हा माझा कुणावरच राग नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

मास्तरांना सांगायला डॉक्टर स्वतः घरी आले. बाईला हा रोग झाला की गावात अर्थ एकच लावला जायचा, बाई बाहेरख्याली. मोजे, चिरलेलं बोट, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. मास्तर ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बोटातून?" डॉक्टर म्हणाले, "हो, बोटातून." मास्तरांचंही रक्त घेतलं, त्यात काही निघालं नाही. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी आपलं अंथरूण ओसरीवर घातलं.

पेनिसिलीनच्या सुया सुरू झाल्या. ती बाळंतीण पोरही आपल्या मुलीला घेऊन सुयांसाठी यायची. आम्ही एकाच बाकावर बसायचो.

"तुमालाबी सुया? काय झालं वो बाई?"

"बोटाला लागलं."

"लय दुखायलंय का?"

"नाही," मी म्हणाले. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ती सुई घ्यायला आत गेली. बाळ चांगलं बाळसं धरत होतं. मी त्याच्याकडे बघत बसले.

घरी मी स्वयंपाक करत होते, मास्तर जेवत होते. भाजीला मीठ कमी आहे, उद्या शाळेला सुट्टी आहे, असं बोलणं व्हायचं. रडू येईल म्हणून मी वाट बघितली, आलं नाही. रक्त साफ झालं की सगळं पहिल्यासारखं होईल, एवढंच मी धरून होते.

पुढं बऱ्याच महिन्यांनी हैदराबादहून कागद आला. रक्त साफ होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी घरी जा, दाखवा." मी भर उन्हात चालत घरी आले. मास्तर ओसरीवर वह्या तपासत होते. मी कागद पुढं केला. त्यांनी मान वर केली, कागदाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"तिथं ठेव," ते म्हणाले.