झाकणावरची पांढरी पावडर

"कुणी जागचं हलायचं न्हाई," आप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्या लॅबच्या दाराला आतून कडी घातली.

लॅब ती केवढी! एक ओटा, एक सिंक, दोन खुर्च्या. त्यात आमचे मालक आप्पा, टेम्पोवाले इस्माईलभाई आणि मी. हलणार कुठं, कपाळ? बाहेर माल उतरवायच्या डॉकवर दुधाचे कॅन उन्हात तापत होते आणि आत हे नाटक चाललं होतं.

न्हावऱ्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी केमिस्ट आहे. गावोगावचं दूध येतं, मी तपासते, पास झालं की ते टाकीत जाऊन थंड होतं. आप्पा माणूस म्हणून लाख, पण जुन्या रहस्यपटांचं भलतंच वेड. काळेपांढरे सिनेमे, धुकं, ओव्हरकोट आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत गोळा करून खुन्याकडं रोखलेलं बोट. पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा ते पुण्याच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणतात. वाचून झाल्या की माझ्याकडं देतात. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू? दुपारच्या चहाला आम्ही खुनी कोण यावर तावातावानं भांडतो. माझा अंदाज बरोबर आला की आप्पा रुसतात. इथवर सगळं छान होतं.

मग मांडवगण फराट्याचा एक कॅन रोज कमी भरायला लागला. तिथल्या सेंटरवर कॅन गळ्यापर्यंत भरला की चाळीस लिटर धरतात, वेगळं मोजत बसत नाहीत. आमच्याकडं मात्र वजन होतं. वजनात रोज दोन-तीन लिटरची तूट.

"रस्त्यात कुणीतरी दूध काढतंय," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच धास्ती बसली.

"आप्पा, आधी कॅन बघू या का?"

"कॅन काय बघायचा, म्याडम? मानूस बघायचा!"

चार दिवसांनी त्याच कॅनच्या दुधात मी रोझोलिक ॲसिडची टेस्ट केली. चांगल्या दुधाला तपकिरी रंग येतो, सोडा असेल तर गुलाबी. आंबत आलेल्या दुधात सोडा घालून ते ताजं म्हणून खपवणारे महाभाग असतात, म्हणून ही टेस्ट. नळी गुलाबी झाली. पुन्हा केली, पुन्हा गुलाबी. सोड्याचा ठपका बसलेल्या गाडीला शिरूर-दौंड भागात कुठलंच केंद्र दारात उभं करत नाही आणि इस्माईलभाईंचं सगळं घर त्या टेम्पोवर. मी आप्पांना सांगितलं, तर हे गृहस्थ खूश! माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आधी मांडवगणच्या सेंटरला फोन लावून "चोर घावला" असं सांगून मोकळे झाले आणि मग दाराला कडी घातली.

"आप्पा, ह्या दुधावर माझी पोरं मोठी झाली," इस्माईलभाई म्हणाले. "मी त्यात सोडा घालीन व्हय?"

"हात दाखवा."

त्यांनी हात पुढं केले. बोटांना पांढरं काहीतरी लागलं होतं.

"बघा म्याडम!" आप्पा जवळजवळ नाचलेच. "मी सकाळच्याला मांडवगणात जाऊन झाकनाच्या आतल्या कडंला पावडर चोपडून आलो हुतो. ठसे घ्यायला! जो झाकन उघडंल त्याच्या बोटाला लागंल. लागली का न्हाई?"

"अहो, डॉकवर झाकण तेच उघडतात. रोज उघडतात! त्यांचं कामच आहे ते," मी म्हटलं. मग एकदम लक्षात आलं. "आणि आप्पा, पावडर कसली?"

"पांढरी."

"पांढरी म्हणजे कसली?"

"घरातलीच. मूठभर घेतली."

"अहो, पण कसली?"

आप्पांनी टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाले, "भज्यात घालतो त्यो. खायचा सोडा."

देवा रे! मांडवगणपासूनचा तो रस्ता, ते खड्डे, आणि झाकणाच्या आत मूठभर सोडा. दुधात नाही तर आणखी कुठं पडणार होता तो? मी इतकी संतापले की मालक-बिलक काही पाहिलं नाही. कडी काढली, त्यांना हाताला धरून डॉकवर नेलं आणि तो कॅन रिकामा करून उलटा केला. बुडाला हा एवढा पोचा, आत गेलेला. पोच्यानं जेवढी जागा खाल्ली, तेवढं दूध रोज कमी. गळ्यापर्यंत भरूनही कमीच भरणार तो. संपलं रहस्य.

इस्माईलभाईंनी टेम्पोची किल्ली खिशात घातली आणि ते पायीच निघाले.

आप्पा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली, चहाही मिळाला. पण इस्माईलभाई म्हणाले, "माझ्याजवळ कशाला बोलताय? जिथं माझं नाव घालवलं, तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव दूध घालायला आलेलं असताना आप्पा मांडवगणच्या सेंटरवर उभे राहिले. "सोडा म्या टाकला," म्हणाले. लोक पोट धरून हसले. आप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तेवढं मात्र मानलं मी त्यांना.

इस्माईलभाई परत आले. पोचा आलेला कॅन बदलला. आम्ही अजून रहस्यकथा वाचतो, अजून भांडतो. फक्त एक गोष्ट मला आता खटकते. गुन्हेगार सापडला की पुस्तक संपतं. ज्या बिचाऱ्यांवर उगीच संशय घेतला, त्यांचं पुढं काय झालं ते कुणी लिहीत नाही.

आमच्याकडं त्यांचा टेम्पो रोज सकाळी डॉकला लागतो. इस्माईलभाई खाली उतरतात, दोन्ही हात उघडून मला दाखवतात आणि मगच झाकणाला हात लावतात. मी कितीदा सांगितलं, नका हो असं करू. ऐकत नाहीत. तेवढा वेळ आप्पा ऑफिसातून बाहेर येत नाहीत.