"इथे आलो, इथपण आलो"

मंडळी, आज माझी चांगलीच फजिती झाली. वाचा आणि हसा.

उमेळ्यातल्या फुलवाल्यांना बाजारात जाणाऱ्या टेम्पोत जागा बुक करता यावी म्हणून मी छोटीशी वेबसाइट केलीय. टेम्पोची यादी बाबा बघतात. सकाळी फ्रान्सिसकाकांचा फोन आला, "माझं बुकिंग परत गायब! उद्या मोगरा घरीच ठेवू काय?"

सर्व्हरवरची लॉग फाइल उघडली. साइटवर काय काय घडलं ते त्यात लिहिणारा कोड माझाच. आत शेकडो ओळी, सगळ्या सारख्या: "इथे आलो", "इथपण आलो".

बाबा मागून वाकून म्हणाले, "अरे, पण कोण आला? कधी आला? येऊन केलं काय?"

मग कोड बदलून प्रत्येक ओळीत वेळ, नाव आणि काय केलं ते टाकलं. काकांनी पुन्हा बुकिंग केलं. दुपारी तेही गायब! फाइलच्या शेवटच्या ओळीत १२:४० ची वेळ, बाबांचं नाव आणि पुढे "फ्रान्सिस यांचं बुकिंग रद्द".

"मी कुठे रद्द केलं? नाव बघितलं आणि बाजूची फुली दाबून बंद केलं," बाबा म्हणाले.

फुलीच्या जागी आता "रद्द करा" असं स्पष्ट लिहिलंय. काकांचा मोगरा उद्या जातोय. बाबा मात्र मघापासून विचारतायत, ती एक ओळ पुसता येते का.

काय म्हणता, पुसू?