मामांचं खत आणि मामींची वांगी

माझ्या बायकोच्या मामांइतका मातीला जीव लावणारा, आणि जीव लावून लावून तिला बेजार करणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी कोरीटच्या शाळेत मास्तर होतो आणि मामांच्या घराला लागूनच आमचं बिऱ्हाड होतं. मामांची कपाशीची चांगली काळी जमीन होती, पण ती सालदारावर सोपवून ते दिवसभर रमत ते घरामागच्या भाजीच्या परसात. तिथली माती देवानं दिली तशीच वापरणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कच्चं पीठ फाकण्यासारखं होतं. परसाच्या कोपऱ्यात त्यांची मडकी मांडलेली असत. एकात बकरीच्या लेंड्या, एकात एरंडीची पेंड, एकात तळ्याचा गाळ, एकात पडक्या भिंतींची खारट माती. राख मात्र दोन मडक्यांत, कारण बाभळीची राख आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख एकत्र करणाऱ्या माणसाशी ते बोलतसुद्धा नसत. लग्नाला गेले की अक्षता टाकून थेट मांडवामागच्या चुलाणापाशी जात आणि आचाऱ्याला विचारत, "लाकडं कसानी शेतस, भो?" गावचा न्हावी कापलेले केस त्यांच्यासाठी टोपलीत जमवून ठेवी. माझे केस जरा वाढले की मामा माझ्या डोक्याकडे अशा प्रेमानं बघत, की त्यांना तिथे पुढच्या मोसमातली गिलकी लोंबताना दिसताहेत अशी मला शंका येई.

सगळं कालवून झालं की चिमूटभर जिभेवर ठेवून ते डोळे मिटत. "जरासं खारं व्हयनं," असं म्हणून आणखी ओंजळभर गाळ टाकत. मामी जेवायला वाढायच्या आधी ताट हातात धरून उभ्या राहत आणि एवढंच म्हणत, "पहिले तोंड धुई या." मामी फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्या परसात त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच वाफा होता, भरताच्या वांग्यांचा. लांबट, हिरवट-पांढरी, भाजली की लोण्यासारखी होणारी ती वांगी. लग्न होऊन आल्या तेव्हा ब्राह्मणपुरीहून त्यांच्या आईनं पदरात बी बांधून दिलं होतं, आणि दरवर्षी एक वांगं झाडावर पिकू देऊन मामींनी ते टिकवलं होतं.

त्या हिवाळ्यात मामींचे भाऊ भरीत खायला येणार होते. झाडांना फुलं लागली होती. तेवढ्यात मामा नंदुरबारहून पांढऱ्या खड्यांची एक पिशवी घेऊन आले. म्हणाले, "विलायती खत शे, जावाईबाप्पा. चिमूटभर टाका आन मजा देखा." पण चिमटीवर मामांचं कुठलं भागायला? त्यांनी अर्ध्याहून अधिक पिशवी ओतून ते खत चुना आणि राख यांच्याबरोबर ओलं करून कालवलं. मग असा काही भपकारा उठला की सगळी गल्ली डोळे पुसत बाहेर आली. एवढे लोक मामांच्या दारात रडताना पाहून पलीकडच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या "कोन गयं वं माय?" करत समाचाराला आल्या. मामा मात्र धोतराचा सोगा नाकाला लावून आनंदात होते. "जोर देखा आनामा!" म्हणाले. आणि मामी नदीवर धुणं धुवायला गेलेल्या असताना, बायकोला खूष करावं म्हणून, उरलेले कोरडे खडे त्यांनी मूठमूठ करून वांग्यांच्या मुळाशी घातले.

चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी एकही झाड उभं नव्हतं. घरात बी उरलं नव्हतं. होतं तेवढं मामींनी त्याच वाफ्यात पेरलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मन्ही मायनं बी व्हतं ते." मग तीन दिवस मामांशी एक शब्द नाही.

रविवारी सकाळी मामा पागोटं बांधून माझ्या दारात आले. "चाला," म्हणाले. कुठे ते विचारायची सोय नव्हती. नावेनं तापी ओलांडली आणि पुढे मिळेल ती बैलगाडी धरत ब्राह्मणपुरी गाठली. एरवी वाटेतल्या प्रत्येक शेताची माती चिमटीत घेणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही वाकला नाही. मामींच्या भावानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते बी कव्हयनंच सरनं, दाजी." मग मामा दारोदार निघाले. ज्या गावाचे जावई, त्याच गावात प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून ते आपली चूक पहिल्यापासून सांगत होते, आणि लोक आधी हसत, मग नाही म्हणत. उन्हं कलायच्या सुमाराला एका म्हाताऱ्या आजीनं सगळं ऐकून आढ्याला टांगलेलं एक वाळकं वांगं काढून दिलं. "तुम्हनी सासूनीच देयेल बी व्हतं," ती म्हणाली. मामांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते वांगं पागोट्याच्या टोकात बांधलं.

रात्री घरी आल्यावर मामींनी ते फोडलं, बी तळहातावर घेऊन दिव्याच्या उजेडात पाहिलं आणि चौथ्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलल्या, "आते मन्ह्या वाफामा तुम्हना हात लागाले नको."

"पानी तरी टाकू का?"

"मी सांगसू तवय."

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी त्या वांग्यांचं भरीत खाल्लं. मामांनी तीनदा मागून घेतलं.

नंतर माझी बदली झाली. मामी गेल्याचं पत्रानं कळलं, पण कोरीटला जायला मला दोन वर्षं लागली. परसात मडकी पालथी पडली होती, कालवायच्या खड्ड्यात गवत उगवलं होतं. वांग्यांचा वाफा मात्र नीट खुरपलेला होता. "मामा, खत कालवणं सोडलं?" मी विचारलं.

"रागे भराले कोनी नही ऱ्हायनं, जावाईबाप्पा," ते म्हणाले. "मंग कालवीसन काय करू?"

निघताना त्यांनी चार वांगी माझ्या पंच्यात बांधून दिली. "भाचीले सांगजा, एक वांगं बी साठे ठेव." गाडीत बसून मी वळून पाहिलं, तर ते पुन्हा वाफ्याशी जाऊन बसले होते, हातात पाण्याचा तांब्या धरून.