प्रयोगशाळेतल्या मामांचं हसू

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काचसामान धुणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत, आणि मामा सगळ्यांना मनातल्या मनात गाढव म्हणत. तोंडावर ते नुसते हसायचे. ते हसू नाकातून यायचं, फुस्स करून, आणि ज्याच्या वाट्याला यायचं त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरं आली की मामांची चंगळ असायची. आधी प्राचार्य सभागृहात स्वागताचं भाषण ठोकायचे. नव्या वातावरणात कसं यशस्वी व्हावं, तर ध्येय ठेवा, वेळ पाळा, भरपूर पाणी प्या. दीड तासानं पोरं बाहेर पडायची ती पहिला प्रश्न विचारायची, मुतारी कुठंय. एवढाच त्या भाषणाचा उपयोग.

मग तीच वरात प्रयोगशाळेत यायची. कोटाची बटणं वरखाली लावलेली, हातात कोरी करकरीत जर्नलं, चेहऱ्यावर उद्या शास्त्रज्ञ होणार असा भाव, आणि पिपेट उलटी धरलेली. एकानं तर विचारलं होतं, "मामा, डिस्टिल्ड पाणी चवीवरून ओळखायचं का?" मामांनी ते वाक्य घरी आठ दिवस जेवणाबरोबर वाढलं. बायको 'हं' म्हणून भाजी वाढायची. मुलगी तेव्हा नववीत होती. ती पहिले दोन दिवस हसली, नंतर खाली मान घालून जेवायला लागली. मामांच्या ते लक्षात आलं नाही. स्वतःच्या विनोदावर हसणाऱ्या माणसाला समोरचं ताट दिसत नाही.

गंमत अशी की कोण तरतं आणि कोण बुडतं हे प्राचार्यांपेक्षा मामांना जास्त कळत होतं. पहिल्या महिन्यात जो 'हे कसं करायचं' म्हणून चार लोकांत स्वतःचं हसं करून घेतो, तो तरतो. पाण्याची चव विचारणारा तो पोरगा पुढे वर्गात पहिला आला होता. आणि जो सगळं येतं अशा थाटात मान डोलावतो आणि वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जुनं जर्नल आणून उतरवतो, तो परीक्षेला गचकतो. हे इतकं साधं ज्ञान मामांनी कधी कुणाला सांगितलं नाही. उलट विचारणाऱ्याला हसले आणि उतरवणाऱ्यासाठी सापळा लावला. परीक्षेचं द्रावण तेच तयार करत. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या परवानगीनं दर वर्षी ते थोडं पातळ किंवा घट्ट करायचं, म्हणजे गेल्या वर्षीचं उत्तर लिहिणारा आपोआप उघडा पडतो. सगळे ज्याला मामा म्हणतात त्यानं सगळ्यांना मामा बनवायचं, यात त्यांना फार मजा यायची. एवढं एक गुपित मात्र त्यांनी घरीही कधी फोडलं नव्हतं.

यंदा मामांची स्वतःची मुलगी पहिल्या वर्षाला आली.

"कसं चाललंय?" ते विचारायचे.

"छान," ती म्हणायची.

प्रयोगशाळेत ती बापाच्या टेबलापासून सगळ्यात लांबची जागा धरायची. वर्षभरात तिनं तोंडातून एक प्रश्न काढला नाही. मामा बाईंना अभिमानानं सांगत, "आमच्या पोरीला विचारावं लागत नाही. रक्तातच आहे." दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिवाच डोळे मिटून बसला होता.

वार्षिक प्रॅक्टिकल झालं. आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची, रंग गुलाबी झाला की नळीवरचा आकडा वाचायचा, असं तीनदा. गेल्या वर्षीचं उत्तर होतं ९.८. यंदा मामांनी ११.४ यावं अशी सोय केली होती. परीक्षा संपल्यावर पेपर क्रमानं लावता लावता ते सावज मोजत होते. एक ९.८, फुस्स. दुसरा ९.८, फुस्स. तिसऱ्या पेपरवर तिन्ही वेळा ९.८, ९.८, ९.८ असं टापटीप अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी बैठक क्रमांक पाहिला आणि हसू नाकातच अडकलं.

प्रॅक्टिकलला नापास म्हणजे सगळं वर्ष एका फेरपरीक्षेवर टांगलेलं. मामांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ९ चा ११ कुठल्याच पेनानं होत नाही. तेवढ्यात बाई आल्या, त्यांनी पेपर पाहिला आणि थंडपणे म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे, मामा. त्यात तरी पास होऊ द्या तिला. घरीच शिकवा की."

संध्याकाळी मामा चपला न काढताच घरात शिरले आणि मुलीवर कडाडले, "अगं, वर्षभरात एकदा विचारायचंस! तुझा बाप त्याच खोलीत उभा असतो!"

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही घरी येऊन कोणाकोणाला काय काय म्हणता ते मी लहानपणापासून ऐकतेय, बाबा. पहिल्या दिवशी मला काही कळलं नव्हतं. वाटलं, विचारलं तर उद्या जेवताना माझी गोष्ट होईल."

"घरच्याला कोण हसतं?"

"मला काय माहीत? तुम्ही कोणालाच सोडलेलं नाही."

मामांनी बायकोकडे पाहिलं. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "खोटं काय बोलतेय ती?"

आता मात्र मामा खरोखर घाबरले. एक महिना हातात होता. त्यांनी खुर्ची ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "बरं, चुकलं माझं. आण ते जर्नल. काय अडतंय ते विचार. काहीही विचार."

ती बराच वेळ पानं उलटत बसली. मग खाली बघतच म्हणाली, "नळीत द्रावण मधोमध दबलेलं दिसतं ना... तर आकडा कडेचा वाचायचा की मधला?"

मधला. एका शब्दाचं काम होतं. शब्द मामांच्या जिभेवर आलाही होता, पण त्याच्या आधी नाकातून फुस्स झालं. त्यांनी घाईघाईनं तोंडावर हात दाबला, पण ते हसू तोंडातून येतच नव्हतं.

तिनं जर्नल मिटलं.

"समजलं, बाबा," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत निघून गेली.